एक भोक जास्त

नायना पत्ते पाडायचे.
खेळायचे नव्हेत, जकार्डचे.
पुठ्ठ्याची लांब पट्टी, तिच्यात भोकं.
भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली.
असे शेकड्यांनी पत्ते माळले
की चादरीवर एक मोर उतरायचा.

अशोक चौकाच्या मागं, येमूलच्या कारखान्यात,
गड्ड्याच्या जत्रेला महिना उरला असताना
एकशे बाराव्या पत्त्यावर
एक भोक जास्त पडलं.
लाईट गेली होती, असं नायना सांगायचे.
अम्मा म्हणायची, लाईट कुठली, डोळा लागला होता.

तीन दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही.
माग चालू, धोटा चालू, खडखडाट चालू,
आणि मोरामागून मोर,
प्रत्येकाच्या चोचीपुढं एक पांढरा ठिपका.
एकेचाळीस चादरी.

मालकानं चादर दारात उजेडाला धरली,
फार बोलला नाही. ‘सेकंड’ म्हणाला.
सगळा ढीग किलोवर गेला,
पगारातून पैसे गेले, आणि वर एक चादर
तुझी तूच पांघर म्हणून नायनांच्या अंगावर आली.

त्याच चादरीत बसून मी निबंध लिहिला:
‘अंगणात मोर आलं.’
मोहोळकर बाईंनी ‘आलं’ला लाल गोल केला.
घरी मोर म्हणजे नेमलि,
आणि नेमलि वच्चिंदि.
आली नि आलं दोन्ही त्या एका शब्दात मावतात,
हे बाईंना कसं सांगायचं, तेही मराठीत?
मी शंभरदा लिहिलं, मोर आला, मोर आला.
शंभर मोर आले
आणि एकाच्याही चोचीपुढं काही नव्हतं.

म्हणून चुकांची आरती ओवाळतोय असं नाही.
नायनांनी भिशीत पैसे घातले, ते बुडाले.
चिन्नक्काला कामारेड्डीला दिली, ती परत आली.
त्या चुकांना कुठून उजेडाला धरलं
तरी त्यातून काही दिसत नाही.

पण परवा सिव्हिलच्या जिन्याखाली
मैंदर्गीची एक म्हातारी बसली होती.
आत सून अडलेली,
मांडीवर नात, आणि खाली अंथरलेली चादर
धुऊन धुऊन फडक्यासारखी.
कडा विरलेल्या. मोर ओळखू येईना,
ठिपका आला.

पोर त्यावर बोट ठेवून पडली होती.
‘दाणा हाय की त्यो,’ म्हातारी म्हणाली,
‘मोराचा. रातच्याला चारी दाणं चाचपतिया,
मंग झोपतिया. दुसरी चादर दिली की रडतिया.’

मी तिथंच पायरीवर टेकलो.
जिन्यावरून माणसं डबे घेऊन चढत होती,
कुणी तरी कानडीत फोनवर भांडत होतं.
म्हटलं सांगावं, मावशी, त्यो दाणा न्हाई,
माझ्या बापाची डुलकी हाय.
नाही सांगितलं.

वर वॉर्डात नायना, एका डोळ्याला पट्टी.
त्यांना सगळं सांगितलं, जिना, म्हातारी, पोर, बोट.
ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.
मग विचारलं, ‘रंग गेलाय का?’
गेलाय म्हटलं. अर्धा.
‘तो रंगवाल्याचा दोष,’ म्हणाले,
आणि बिनपट्टीचा डोळा मिटून घेतला.

मला वाटलं झोपले.
मी डबा उघडला, कडक भाकरी मोडून चटणीत भिजत घातली,
तर मिटल्या डोळ्यानंच:
‘आणि एकशे बारावा नव्हता रे.
एकशे तेरावा.’

वर मी एकशे बारा लिहिलंय.
राहू दे.